जुनी पद्मिनी वळणावर झुलते? सस्पेन्शनच्या कामात आधी काय, नंतर काय

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारी किंवा आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघालेली जुनी प्रीमियर पद्मिनी पाहिली, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. वळणावर गाडी एका अंगाला कलते, खड्डा गेला तरी दोन-तीनदा खालीवर होत राहते आणि चालक स्टेअरिंग सतत थोडं थोडं सावरत असतो. गॅरेजमध्ये विचारलं तर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली बसवू'. दुसरा, 'मागे एक पाटा वाढवू'. दोन्ही कामं स्वस्त आहेत आणि एका दुपारी होतात. पण त्यांनी गाडी घाटात सुधारतेच असं नाही, उलट बरेचदा जास्त धोकादायक होते.

जुन्या गाडीचं हँडलिंग सुधारायचं तर कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी झिजलेले भाग बदलून गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची, मग शॉकअप आणि टायर, त्यानंतर अलाइनमेंट आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग, पाटे किंवा अँटी-रोल बार. हा क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात. कायद्याचा मुद्दाही आहेच. काही पद्मिनींनी आता वयाची पन्नाशी ओलांडली आहे, त्यामुळे आज केलेलं एक वेल्डिंग उद्या 'व्हिंटेज' नोंदणीच्या आड येऊ शकतं.

गाडी मुळात कशी बांधली आहे

पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. तिथे १९५३ साली आलेल्या मॉडेलची ही भारतीय आवृत्ती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात ती बनत असे. 'पद्मिनी' हे नाव १९७४ पासूनचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती घराघरात ओळखीची झाली. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली, पण खासगी पद्मिनी अजून बऱ्याच गावांत चालत्या आहेत.

गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, वजन सुमारे ९०० किलो, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. मागे अखंड अ‍ॅक्सल आणि त्याला दोन बाजूंना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. चारही चाकांना ड्रम ब्रेक.

सस्पेन्शनच्या कामात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच तिची चासी. पाटे, आर्म, शॉकअप हे सगळं या पत्र्याच्या बॉडीलाच अडकवलेलं आहे. पाट्यांच्या टोकाजवळ पत्रा गंजला असेल तर कितीही भारी शॉकअप घातला तरी उपयोग नाही.

त्याच काळातल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी पीळ घेणारा टॉर्शन बार आहे, मागे पाटेच. जुन्या जीपमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे अ‍ॅक्सल आणि पाटे. त्यामुळे जीपवर चाललेला उपाय पद्मिनीवर चालेलच असं नाही.

वळणावर नेमकं काय होतं

गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. साधा हिशेब असा. समजा, चालकासह गाडी १००० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १२० सेंटिमीटर आहे. वळणावर बाजूचा जोर वजनाच्या ४० टक्के असेल, तर सुमारे १८० किलो भार आतून बाहेर सरकतो. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ५००-५०० किलो होते, ते वळणावर आत ३२० आणि बाहेर ६८० होतात.

हा १८० किलोचा आकडा स्प्रिंग कडक केल्याने कमी होत नाही. तो गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांतलं अंतर आणि वळणावरचा वेग यावरच ठरतो. स्प्रिंग कडक केली की गाडी कमी कलते, म्हणून चालकाला जास्त विश्वास वाटतो. पण टायरवर पडणारा भार तेवढाच राहतो. टपावर कॅरिअर लावून सामान भरलं की गुरुत्वमध्य वर जातो आणि भार आणखी सरकतो. म्हणून घाटात टपावर सामान न ठेवणं हा फुकटातला आणि पहिला उपाय.

मग सस्पेन्शनचं काम काय? चाक रस्त्याला चिकटून ठेवणं, टायरचा पट्टा शक्य तितका सपाट ठेवणं आणि सरकलेला भार पुढच्या-मागच्या चाकांत नीट वाटून देणं. हँडलिंग सुधारणं म्हणजे ही तीन कामं सुधारणं.

पहिली पायरी: झीज शोधणं

चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत रबर कडक होऊन चिरलेलं असतं आणि लोखंड घासलेलं असतं. गाडी जॅकवर उचलून, खाली भक्कम स्टँड देऊन हे तपासावं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये.

- किंगपिन आणि त्याचे बुश: चाक वरून आणि खालून धरून हलवावं. खटखट लागली आणि ब्रेक दाबून धरल्यावर ती थांबली, तर दोष व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिली, तर किंगपिनचा. ग्रीस वेळेवर न भरल्याने किंगपिन जातो.
- टाय रॉड एंड: चाक डावी-उजवीकडून धरून हलवावं. दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवला तर ढिलेपणा बोटांना कळतो.
- आर्मचे बुश: पहारीने हलका जोर देऊन पाहावं. आर्म पुढेमागे सरकत असेल तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढणार.
- पाट्यांचे बुश आणि शॅकल: हे झिजले की मागचा अ‍ॅक्सल वळणावर थोडा बाजूला सरकतो. चालकाला वाटतं, स्टेअरिंगच ढिलं आहे.
- पाट्यांचा सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट: सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल जागचा हलतो आणि मागून पाहणाऱ्याला गाडी तिरकी चालताना दिसते.
- स्टेअरिंग बॉक्स: यातली मोकळीक कमी करताना फार आवळलं तर वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही.

बुश बदलताना बऱ्याच गॅरेजमध्ये एक चूक होते. रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असतानाच आवळले जातात. मग गाडी खाली टेकली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी सैल ठेवावेत, गाडी चाकांवर उभी करावी, दोन-चारदा दाबून बसू द्यावी आणि मगच शेवटचा आवळा द्यावा.

पॉलियुरेथेनचे कडक बुशही हल्ली मिळतात. त्यांनी स्टेअरिंग नेमकं होतं, पण रस्त्याचा आवाज आणि हादरा आत येतो. शिवाय रबर स्वतः पीळ घेतं तसं हे घेत नाहीत, ते घासत फिरतात. म्हणून बसवताना योग्य ग्रीस लावावं लागतं, नाहीतर करकर सुरू होते. रोजच्या गाडीला चांगल्या प्रतीचं रबरच पुरतं.

शॉकअप: कमी पैशात मोठा फरक

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, शॉकअप तिचं हलणं थांबवतो. शॉकअप मेला की खड्ड्यानंतर चाक उड्या मारत राहतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण.

तपासणी सोपी आहे. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडावा. वर येऊन एकदा खाली बसून थांबली तर शॉकअप ठीक. दोन-तीन वेळा झुलत राहिली तर बदलायचा. अंगावर तेलाचा ओघळ दिसला तरी बदलायचा. बदलताना एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत. डावा नवा, उजवा जुना अशी गाडी ओल्या वळणावर विचित्र वागते.

दुसऱ्या गाडीचे शॉकअप बसवायचे असतील तर फक्त टोकांचे छेद जुळून भागत नाही. पूर्ण दाबलेली आणि पूर्ण ताणलेली लांबी मूळ शॉकअपशी जुळली पाहिजे. लांबी जास्त असेल तर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटून फुटतो किंवा त्याची पकडच तुटते. कमी असेल तर चाक खाली जाताना शॉकअपवर लटकतं.

टायर आणि अलाइनमेंट

रस्त्याला टेकतात फक्त टायर. जुन्या गाड्यांना मुळात क्रॉस-प्लाय, म्हणजे बाजारात ज्याला 'नायलॉन टायर' म्हणतात, ते असत. रेडियल टायरचा पट्टा वळणावर जास्त सपाट राहतो, त्यामुळे पकड वाढते. मात्र काही पथ्यं आहेत.

एकाच अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही नको. दोनच रेडियल असतील तर ते मागे, नायलॉन पुढे. उलटं केलं तर वळणावर मागचा भाग आधी सुटतो. टायरचा घेर मूळ टायरच्या जवळपास असावा, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि पूर्ण वळल्यावर टायर मडगार्डला घासतो. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कमी चाललेल्या जुन्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असूनही वयाने कडक झालेला असू शकतो.

अलाइनमेंट ही बुश, किंगपिन आणि टायरनंतर करायची गोष्ट. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात बिघडते. यात तीन मापं असतात. टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत आहेत की बाहेर. कॅम्बर, म्हणजे चाक वरच्या बाजूला आत झुकलंय की बाहेर. आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिन किती मागे कललेला आहे. कॅस्टर नीट असेल तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. मापं गाडीच्या मॅन्युअलमधली घ्यावीत. अलाइनमेंटच्या मशीनमध्ये पद्मिनी नसेल तर मेस्त्रीने दुसऱ्याच गाडीचे आकडे लावू नयेत, म्हणून मालकाने मॅन्युअलचं पान सोबत न्यावं.

स्प्रिंग, पाटे आणि बार: इथे आकडे सांभाळा

इथपर्यंतची कामं करून गाडी काही आठवडे चालवली तर अनेकांना पुढे काही करायची गरज वाटत नाही. तरीही बदल करायचाच असेल तर छोटा बदलही किती मोठा ठरतो, हे आधी बघावं.

कॉइल स्प्रिंगचा कडकपणा वेढे कमी केले की वाढतो. आठ वेढे काम करत असतील आणि एक कापला तर कडकपणा सुमारे १४ टक्के वाढतो. ऐकायला हे कमी वाटतं. पण त्याच वेळी गाडी खाली बसते आणि वर-खाली व्हायची जागा कमी होते. वळणात खड्डा आला की आर्म रबरी स्टॉपवर आपटतो. त्या क्षणी स्प्रिंग जणू लोखंडी ठोकळा होते आणि टायर एकदम सुटतो. शिवाय दोन आर्मच्या रचनेत गाडी खाली बसवली की आर्मचे कोन बदलतात. गुरुत्वमध्य जितका खाली येतो, त्यापेक्षा गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बरेचदा जास्त खाली जातो. मग गाडी खाली बसूनही कलण्याचा जोर वाढतो. टाय रॉडचा कोनही बिघडतो आणि प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप थोडं वळतं. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणं तर अजिबात नको. त्याने पोलादाचा ताव जातो आणि स्प्रिंग पुढे बसत जाते किंवा तुटते.

पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे सहा मिलिमीटरऐवजी सात मिलिमीटरचे पाटे घातले तर तो सुमारे ५९ टक्के वाढतो. त्याच जाडीच्या पाच पाट्यांत सहावा जवळपास तेवढ्याच लांबीचा पाटा घातला तर वाढ साधारण २० टक्के. मागचा भाग फार कडक झाला की रिकामी गाडी ओल्या घाटात मागून घसरते. पाटे बसले असतील तर जास्तीचा पाटा घालण्याआधी मूळ मापाचा नवा सेट किंवा चांगल्या कारागिराकडून परत कमान देणं, हा बरा मार्ग. पाट्यांमधला गंज काढला तरी गाडी बरीच मऊ चालते. यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

अँटी-रोल बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ ऐवजी १८ मिलिमीटरचा बार लावला तर तो सुमारे ६० टक्के वाढतो. पुढचा बार जाड केला तर गाडी कमी कलते, पण पुढची चाकं लवकर सुटतात आणि गाडी वळणाबाहेर सरळ जायला बघते. मागचा जाड केला तर मागचा भाग सुटतो. सामान्य चालकाला पहिली चूक सावरायला सोपी, दुसरी अवघड. म्हणून मागच्या बाजूला बार वाढवताना दुप्पट विचार करावा. त्याआधी मूळ बारचे झिजलेले रबर आणि लिंक बदलून पाहाव्यात.

आणि पकड वाढली म्हणजे वेग वाढवायचा परवाना मिळाला असं नाही. ब्रेक ड्रमचेच आहेत. घाट उतरताना ते तापले की पकड कमी होते, तिथे खालचा गिअरच कामाला येतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेला शॉकअप, बुश किंवा पाटा त्याच मापाचा नवा घालणं ही दुरुस्ती आहे. बॉडी कापून नवं सस्पेन्शन वेल्ड करणं हा बदल झाला.

व्हिंटेज नोंदणीचे केंद्रीय नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजार रुपये आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कारणांसाठीच ती बाहेर काढता येते. ज्यांना पद्मिनीने बाजारात किंवा लग्नाला जायचं आहे, त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी. पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते.

पद्मिनीची बॉडी हीच चासी असल्यामुळे सस्पेन्शनसाठी केलेलं कापकाम थेट बॉडी शेलमध्ये मोडू शकतं. म्हणून नियम सोपा ठेवावा: जे बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं, तेवढंच करावं.

सीमाभागात आणखी एक बाब येते. कोल्हापूरच्या काकांची महाराष्ट्र नंबरची गाडी बेळगावात किंवा म्हापशाला येऊन राहते. कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथे नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ही तपासणी कापलेल्या स्प्रिंगवर बसलेल्या गाडीला अडचणीची ठरू शकते.

काम देताना

एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला हे कळत नाही. चाचणी घाटात न करता मोकळ्या मैदानात, दर वेळी टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून करावी. काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवावी. डाव्या-उजव्या बाजूत फरक असेल तर बसलेला पाटा किंवा स्प्रिंग तिथेच सापडते.

काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नयेत. तेलाचा हात मारून, चिठ्ठी लावून ठेवावेत. सुट्या भागांची बिलं आणि जुन्या मापांची वही गाडीच्या कागदांसोबत ठेवावी. पुढे गाडी विकायची असो, विम्याचा दावा असो की व्हिंटेज नोंदणी, गाडी मूळची आहे हे दाखवायला हेच भाग आणि हेच कागद उपयोगी पडतात.